सही करण्याआधीचा आकडा

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की आमच्या मराठी घरांमध्ये फराळाच्या ऑर्डरीबरोबर आणखी एक विषय निघतो. ‘तुमची मुलगी ईडी टाकतेय का? कुठे?’ ईडी म्हणजे अर्ली डिसिजन. एकच कॉलेज निवडायचं, १ नोव्हेंबरच्या आत, काही ठिकाणी १५ नोव्हेंबरच्या आत, तिथे अर्ज करायचा आणि डिसेंबरच्या मध्यावर निकाल घ्यायचा. प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, असं लेखी कबूल करायचं. त्या कबुलीवर तीन सह्या असतात. एक विद्यार्थ्याची, एक आईची किंवा वडिलांची आणि एक शाळेच्या काउन्सेलरची.

मी एडिसनच्या परिसरात टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम करते. लोकांच्या उत्पन्नाचे कागद माझ्या हाताखालून गेलेले असतात, त्यामुळे कॉलेजच्या आर्थिक मदतीचे अर्ज भरायची वेळ आली की ओळखीची मंडळी बोलावतात. त्याचे पैसे मी घेत नाही. रात्रीची जेवणं आटोपली की टेबल पुसायचं, लॅपटॉप उघडायचा, मुलाला शेजारी बसवायचं आणि आकडे भरायला घ्यायचे. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. तीन सह्यांपैकी मधली, म्हणजे आईवडिलांची सही, बहुतेक घरांत आकडा न पाहता होते.

मुलं ईडी का टाकतात, हे समजण्यासारखं आहे. या फेरीत प्रवेशाचं प्रमाण नेहमीच्या फेरीपेक्षा जास्त असतं. युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनियासारखी विद्यापीठं जवळपास निम्मा वर्ग ईडीतूनच भरतात. त्यातल्या काही जागा खेळाडूंच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांच्या असतात, म्हणून दिसतो तेवढा सगळा फायदा आपल्या वाट्याला येत नाही. पण थोडाफार येतोच. ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. लवकर अर्ज करणं हे एसएटीमध्ये सुमारे शंभर गुण जास्त मिळवण्याइतकं उपयोगी ठरतं, असा त्यांचा हिशेब होता. कॉलेजांनाही हे सोयीचं असतं. नक्की येणारी मुलं डिसेंबरातच हाती लागतात आणि किती जागा रिकाम्या राहतील याची चिंता कमी होते.

पण या सोयीचा मोबदला विद्यार्थी देतो आणि तो मोबदला पैशांचा आहे. नेहमीच्या फेरीत मार्चअखेर चार-पाच कॉलेजांची पत्रं हातात येतात. कुठे किती मदत मिळाली ते समोरासमोर मांडता येतं. ‘तिकडे दहा हजार जास्त दिलेत, तुम्ही काही वाढवू शकता का?’ असं विचारता येतं. १ मेपर्यंत विचार करायला वेळ असतो. ईडीत हातात एकच पत्र येतं, त्यामुळे तुलना करायला काही उरत नाही आणि विचारायला जागाही राहत नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ साली लवकरच्या फेऱ्या बंद करण्याचं जाहीर केलं, त्यामागे हेच कारण होतं. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांवर या पद्धतीत अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. २०११ मध्ये दोघांनीही लवकरची फेरी पुन्हा सुरू केली, पण ती बंधनकारक नसलेली.

आता टेबलावर येऊ. २०११ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत संघराज्याची आर्थिक मदत घेणाऱ्या जवळपास प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. संघराज्याचा तसा कायदाच आहे. उत्पन्न, बचत, घर आणि कुटुंबातली माणसं भरली की अंदाजे मदत वजा करून तुम्हाला वर्षाला किती भरावे लागतील तो आकडा मिळतो. फुकट आहे, नाव द्यावं लागत नाही आणि कागद जवळ असले तर अर्ध्या तासात काम होतं. तरीही मी ज्या घरांत जाते, तिथे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो बहुधा कुणी उघडलेला नसतो. मुलाने निबंधाचे आठ खर्डे लिहिलेले असतात, कॉलेज दोनदा पाहून झालेलं असतं, त्या कॉलेजचा स्वेटशर्टही घरात आलेला असतो.

उघडला तरी भरण्याची एक ठरावीक पद्धत असते. वडील उत्पन्नाच्या रकान्यात आपला मूळ पगार टाकतात. मी विचारते, बोनस? तो टाकतात. कंपनीचे शेअर मिळाले असतील तर ते डब्ल्यू-२ या वार्षिक पगारपत्रकावर पगारातच धरलेले असतात. ते आठवत नाहीत. वहिनींचा पार्ट-टाइम पगार, बँकेचं व्याज, मागच्या वर्षी विकलेल्या शेअरांचा नफा, असं एकेक आठवत जातं. म्हणून आता मी टॅक्स रिटर्न समोर ठेवल्याशिवाय एकही रकाना भरू देत नाही. शेवटचं बटण दाबलं की पडद्यावर आकडा येतो आणि मग टेबलावर थोडा वेळ कुणी बोलत नाही. मुलाला बहुधा त्याच क्षणी पहिल्यांदा कळतं, की घरात वर्षाला किती पैसे येतात आणि त्यातले किती कॉलेज मागणार आहे.

कोणतं वर्ष धरतात, हे आधी नीट समजून घ्या. २०२६ च्या फॉलमध्ये कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी फॅफ्सा, म्हणजे संघराज्याच्या मदतीचा अर्ज, आणि कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीसाठीचं सीएसएस प्रोफाइल हे दोन्ही २०२४ चं उत्पन्न पाहतात. आमच्याकडे आयटीतली घरं जास्त. २०२४ मध्ये शेअर व्हेस्ट झाले, उत्पन्न फुगलं आणि २०२५ च्या उन्हाळ्यात नोकरी गेली, असं घर मी पाहिलं आहे. अर्जाच्या दृष्टीने ते घर अजून सुखवस्तूच होतं. अशा वेळी कॉलेजच्या मदत कार्यालयाला पत्र लिहून, नोकरी गेल्याचा कागद जोडून, फेरविचार मागता येतो आणि तसा अधिकार त्या कार्यालयाला असतो. पण फेरविचाराचं उत्तर काय येईल याची खात्री नसते आणि ईडीच्या सहीला मात्र तारीख असते. त्या घराला मी सही करू नका म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं, मुलीने नेहमीच्या फेरीत अर्ज केले.

दुसरी गोष्ट भारतातल्या मालमत्तेची. राहतं घर फॅफ्सा धरत नाही, निवृत्तीच्या खात्यांतली शिल्लकही धरत नाही. पण राहत्या घराशिवायची कुठलीही जमीन किंवा घर, मग ते जगात कुठेही असो, मालमत्ता म्हणून लिहावं लागतं. पुण्यात बाणेरला घेतलेला फ्लॅट, जिथे आता सासूबाई राहतात, तो आपल्या नावावर असेल तर तो आपली मालमत्ता आहे. हे ऐकलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘अहो, तो काय विकायचाय का आम्हाला!’ विकायचा नसला तरी लिहावा लागतो. संघराज्याच्या सूत्रात आईवडिलांच्या मालमत्तेचा दरवर्षी जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग कॉलेजसाठी उपलब्ध आहे असं मानतात. फ्लॅट एक कोटी वीस लाखांचा, रुपयाचा दर ८५ धरला, तर साधारण एक लाख एकेचाळीस हजार डॉलर. त्याचे ५.६४ टक्के म्हणजे जवळपास आठ हजार डॉलर, आणि तेही दरवर्षी. मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशांना हाच दर वीस टक्के लागतो. आजोबांनी प्रेमाने नातवाच्या खात्यात ठेवलेले पैसे सर्वांत जड पडतात ते यामुळे. (कॉलेजसाठी बचत करायच्या ५२९ योजनेचं खातं आईवडिलांच्या नावावर असेल तर ते आईवडिलांच्या मालमत्तेत धरतात, ही त्यातल्या त्यात बरी बाजू.)

सीएसएस प्रोफाइल आणखी खोलात जातं. कॉलेज बोर्डाचा हा अर्ज बहुतेक महागडी खासगी कॉलेजं मागतात. त्यात राहत्या घराची किंमत आणि त्यावरचं उरलेलं कर्ज विचारतात. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत आज किती वाढली आहे, हे न्यू जर्सीत राहणाऱ्यांना सांगायला नको. काही कॉलेजं घराची ही वाढ धरतच नाहीत, काही उत्पन्नाच्या ठरावीक पटीपर्यंत धरतात, काही पूर्ण धरतात. त्यामुळे एकाच घराला दोन कॉलेजांच्या कॅल्क्युलेटरवर वीस-वीस हजारांनी वेगळे आकडे येतात. म्हणून एका कॉलेजच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

इथे सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. घराचं उत्पन्न साठ-सत्तर हजार डॉलर आहे, नोकरी पगाराची आहे, दुसरी मालमत्ता नाही, आणि मुलाला हवं असलेलं कॉलेज श्रीमंत असून सगळी गरज भागवण्याचं वचन देतं, अशा घराने ईडीला फार भिऊ नये असं मला वाटतं. अशा कॉलेजांत कॅल्क्युलेटरचा आकडा आणि प्रत्यक्ष पत्र यांत फारसा फरक पडत नाही आणि बऱ्याचदा तिथला खर्च सरकारी विद्यापीठापेक्षाही कमी येतो. क्वेस्टब्रिजसारखी योजना अशाच मुलांसाठी आहे. तिचं बंधनही मान्य करावं असंच आहे, कारण त्यात चार वर्षांची पूर्ण सोय होते. ज्या घरात फी सहज भरता येते, त्यांनाही हा लेख वाचण्याची गरज नाही.

खरी अडचण मधल्यांची आहे आणि आमच्या मराठी मंडळातली निम्म्याहून जास्त घरं मधलीच. दोघांचं मिळून दोन-अडीच लाख डॉलर उत्पन्न, घराचा हप्ता, दोन मुलं, भारतात आईवडिलांची औषधं. कॉलेजच्या सूत्राला हे घर सधन दिसतं. महागड्या कॉलेजांचा एकूण वार्षिक खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. सूत्र म्हणतं, तुम्ही तो सगळा किंवा बराचसा भरू शकता. घर म्हणतं, नाही भरू शकत. आणि करारात वजन सूत्राच्या उत्तराला असतं. याच घरातल्या हुशार मुलीला दुसरीकडे, जिथे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात, तिथे वर्षाला पंचवीस-तीस हजार मिळू शकतात. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं गुणवत्तेवर पैसे देत नाहीत; तिथे फक्त गरज पाहतात. म्हणजे तिथे ईडी टाकली की गुणवत्तेवर मिळणाऱ्या पैशांचा रस्ता त्या मुलीने स्वतःच बंद केला.

एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, इथे असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आणि जास्त कठीण. वयाच्या तिसऱ्या वर्षी पुण्याहून आलेला मुलगा, सगळं शिक्षण इथलं, पण ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं. त्याला फॅफ्सामधून काही मिळत नाही. अनेक खासगी कॉलेजं मदतीपुरतं त्याला परदेशी विद्यार्थी मानतात आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मदत मागणं हेच प्रवेशात वजा ठरू शकतं. परदेशी विद्यार्थ्यांचीही गरज न पाहता प्रवेश देणारी कॉलेजं मोजकी आहेत. त्यांतल्या अ‍ॅमहर्स्ट, बोडन, ब्राउन आणि डार्टमथ यांच्याकडे ईडी आहे. अशा मुलाच्या घरी मी आधी कॉलेजला ईमेल लिहायला लावते: आमचा व्हिसा हा, उत्पन्न एवढं, आम्हाला तुम्ही कुठल्या गटात धरता? उत्तर लेखी आल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुण्यामुंबईहून थेट अर्ज करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्या हिशेबात रुपयाची घसरणही धरावी लागते, कारण फी चार वर्षं डॉलरमध्येच भरायची असते.

कॅल्क्युलेटरनंतर मी मुलांना कॉमन डेटा सेट वाचायला लावते. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ही माहिती एका ठरावीक साच्यात प्रसिद्ध करतात. सी-२१ या रकान्यात ईडीचे अर्ज किती आले आणि किती घेतले ते असतं. सगळ्या मुलांचं लक्ष तिथेच जातं. मी त्यांना एच-२ पर्यंत खाली जायला सांगते. गरज असलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी किती टक्के गरज भागवली, हे तिथे लिहिलेलं असतं. काही कॉलेजांत तो आकडा शंभर असतो, काहींत सत्तर-पंचाहत्तर. उरलेले पंचवीस टक्के कुणी भरायचे, ते तिथे लिहिलेलं नसतं. ते भरायचे आईवडिलांनी. एच-२ मध्ये शंभर नसेल आणि पैशांचा प्रश्न असेल, तर तिथे ईडी टाकू नये, या मतावर मी ठाम आहे. सी-२१ मधला प्रवेशाचा टक्का कितीही मोहात पाडणारा असो.

काही लहान कॉलेजं अर्जाआधीच तुमचे कागद पाहून मदतीचा अंदाज कळवतात. मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही. सप्टेंबरमध्ये एक फोन करायचा असतो. आपल्या लोकांना हा फोन करायला संकोच वाटतो, पैशांचं विचारलं तर प्रवेशावर परिणाम होईल अशी भीती असते. मदत कार्यालयाचा फोन उचलणारा माणूस प्रवेशाची फाइल वाचत नाही. तेव्हा फोन जरूर करा.

आता डिसेंबरातल्या पत्राबद्दल. सीएसएसचे कागद, टॅक्स रिटर्नच्या प्रती, सगळं नोव्हेंबरात पोचलेलं असतं. प्रवेशाच्या निकालाबरोबर किंवा दोन-चार दिवसांत मदतीचं पत्र येतं. घरात आनंदीआनंद असतो, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल झालेला असतो. अशा वेळी ते पत्र माझ्याकडे येतं. उदाहरणादाखल असं धरा: एकूण खर्च ब्याण्णव हजार. त्याखाली ‘मदत’ म्हणून एक बेरीज, साडेएकोणतीस हजार. त्या बेरजेची फोड केली तर ग्रँट एकवीस हजार, विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज साडेपाच हजार, आणि कॅम्पसवर काम करून मिळवायचे तीन हजार. खरी मदत फक्त ग्रँटची. कर्ज फेडायचं असतं आणि कामाचे पैसे काम केल्यावर मिळतात. म्हणजे घराच्या अंगावर येतात एकाहत्तर हजार.

मग चार वर्षांचा हिशेब. बहुतेक लोक एकाहत्तरला चाराने गुणतात आणि दोन लाख चौऱ्याऐंशी हजार म्हणतात. फी दरवर्षी वाढते. एकूण खर्चात चार टक्के वाढ धरली आणि ग्रँट तेवढीच राहिली, तर चार वर्षांचे तीन लाख सहा हजारांच्या वर जातात. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर चार वर्षांत जास्तीत जास्त सत्तावीस हजारांचं सरकारी कर्ज मिळतं. बाकीसाठी आईवडिलांना मिळणाऱ्या पॅरेंट प्लस या सरकारी कर्जाला पूर्वी खर्चाइतकी मोकळीक होती. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना त्यावर मर्यादा आहे, वर्षाला वीस हजार आणि एका मुलामागे एकूण पासष्ट हजार. २०२५-२६ साठी या कर्जाचं व्याज ८.९४ टक्के ठरलं होतं. त्यापुढे खासगी कर्ज, म्हणजे आईवडील जामीन. हा सगळा कागद मी पेनाने लिहून दाखवते. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा हाताने लिहिलेला आकडा लोक जास्त मनावर घेतात, असं मला दिसलं आहे. शेजारच्या रकान्यात रटगर्स लिहिते: राज्यातल्या विद्यार्थ्याला होस्टेलसकट वर्षाला सुमारे पस्तीस हजार. चार वर्षांचा फरक एखाद्या लहान घराच्या किमतीइतका निघतो.

‘पण ईडी मोडता येते ना?’ हा प्रश्न हमखास येतो. येते. मिळालेल्या मदतीत शिक्षण परवडत नसेल तर विद्यार्थ्याला मोकळं करतात, तशी तरतूद अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या, म्हणजे कॉमन अ‍ॅपच्या करारातच आहे. पैशांच्या कारणाने कुणी कोर्टात खेचत नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पत्र डिसेंबरच्या मध्याला आलेलं असतं आणि बाकीच्या कॉलेजांची मुदत १ जानेवारीच्या आसपास. मदत कार्यालय आधी फेरविचाराचा अर्ज मागतं, त्यात नाताळची सुट्टी येते. ‘दुसरीकडे गुणवत्तेवर जास्त पैसे मिळतील’ हे कारण चालत नाही, न परवडण्याचे कागद दाखवावे लागतात. आणि यातलं सगळ्यांत अवघड म्हणजे, ज्या मुलाला गेल्या आठवड्यात पेढे भरवले, त्याला आईवडिलांनी सांगायचं की आता जाता येणार नाही. बहुतेक आईवडील ते सांगू शकत नाहीत. ते कर्ज काढतात.

मोडण्याचे परिणाम शाळेलाही भोगावे लागू शकतात. टुलेन विद्यापीठाने कोलोराडोतल्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांना एक वर्षासाठी ईडीतून अर्ज करायला बंदी घातल्याची बातमी २०२५ मध्ये आली, कारण तिथल्या एका विद्यार्थ्याने आधी ईडीचं बंधन पाळलं नव्हतं. त्यामुळे काउन्सेलर आता सही करण्याआधी स्वतःच जास्त प्रश्न विचारतात, आणि ते बरंच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३२ कॉलेजांविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात एक दावा दाखल झाला. ईडीमुळे कॉलेजांमधली स्पर्धा मारली जाते आणि शिक्षण महाग होतं, असा त्यात आरोप आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. यंदाच्या मुलांना त्याचा उपयोग नाही.

लवकर अर्ज करायचाच असेल तर बंधन नसलेल्या वाटा आहेत, आणि पैशांचा प्रश्न असलेल्या घरांनी आधी त्या पाहाव्यात. रटगर्सची अर्ली अ‍ॅक्शन १ नोव्हेंबरची आहे, बंधनकारक नाही. एमआयटीची अर्ली अ‍ॅक्शन तशीच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची लवकरची फेरी दुसऱ्या खासगी कॉलेजांत लवकर अर्ज करू देत नाही, पण प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत थांबता येतं. आणि इथल्या मदतीचे आकडे मधल्या घरांच्या फायद्याचे आहेत. दोन लाखांपर्यंत उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या घरांना एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०२५ च्या फॉलपासून ट्यूशन माफ केली. प्रिन्स्टनने अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना. प्रवेश मिळणं महाकठीण, हे खरंच. पण मिळाला तर तिथे पैशांसाठी मागे फिरावं लागत नाही. दुसऱ्या टोकाला, वर्गात पहिल्या पंधरा टक्क्यांत असलेल्या न्यू जर्सीच्या मुलांना एनजे स्टार्समधून काउंटी कॉलेजची ट्यूशन मोफत मिळते. आमच्या लोकांना काउंटी कॉलेजचं नाव काढायला संकोच वाटतो. एडिसनमधल्या मिडलसेक्स कॉलेजातून रटगर्सला गेलेली आणि आज उत्तम नोकऱ्या करणारी मुलं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना असा संकोच कधी वाटला नाही.

आकड्यांपेक्षा जास्त वेळ मला या टेबलावर एका वेगळ्याच गोष्टीला द्यावा लागतो. आपल्या घरांत मुलांशी पैशांबद्दल बोलत नाहीत. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य मी इतक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलं आहे की ते कधी येणार हे आता मला आधीच कळतं. ते प्रेमाने म्हटलेलं असतं. मुलगा मात्र ते आश्वासन म्हणून ऐकतो आणि त्याच भरवशावर नव्वद हजारांचं कॉलेज निवडतो. एका घरात मुलीने पडद्यावरचा आकडा पाहिला, वहीत काहीतरी गुणाकार केला आणि वडिलांना विचारलं, ‘बाबा, तुमच्या रिटायरमेंटला किती वर्षं राहिली?’ वडिलांनी प्रामाणिकपणे सांगितलं, तेरा. तिने लगेच निर्णय घेतला नाही, चार दिवस घेतले. मग ईडी न टाकता तीन ठिकाणी अर्ली अ‍ॅक्शन टाकली आणि बाकी नेहमीच्या फेरीत. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. सतरा वर्षांची मुलं हा हिशेब करू शकतात. आपण त्यांच्यापुढे मांडत नाही.

उलट बाजूही पाहिली आहे. एका घरी कॅल्क्युलेटरचा आकडा आला, सीएसएसच्या कागदांशी तो जुळला, कॉलेजच्या एच-२ मध्ये शंभर होते, आणि तो आकडा पगारातून आणि ५२९ मधून चार वर्षं निघत होता, वाढ धरूनही. मुलाला दुसरं कुठलंही कॉलेज याहून जास्त नको होतं. तिथे मी स्वतः सांगितलं, टाका ईडी. पत्र आलं ते कॅल्क्युलेटरच्या आकड्यापासून हजारभर डॉलर इकडेतिकडे होतं. ईडी अशा घरांसाठी योग्य आहे आणि अशी घरंही आहेत.

माझी विनंती ज्यांचं मूल यंदा अकरावीत आहे त्यांना आहे, कारण बारावीतल्यांची तारीख फार जवळ आली आहे. येत्या उन्हाळ्यात, कॉलेज बघायला गाडी काढण्याआधी, गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट आणि भारतातल्या मालमत्तेची अंदाजे किंमत घेऊन मुलाबरोबर बसा. त्याच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा कॅल्क्युलेटर भरा आणि पानं छापून ठेवा. प्रत्येक आकड्यात दरवर्षी चार टक्के वाढ धरून चार वर्षांची बेरीज करा. ती बेरीज कर्जाशिवाय, किंवा सत्तावीस हजारांच्या विद्यार्थी-कर्जात, निघत असेल तर त्या कॉलेजच्या ईडीवर सही करा. निघत नसेल तर ते कॉलेज यादीत राहू द्या, नेहमीच्या फेरीत अर्ज करा आणि मार्चमधल्या पत्रांची वाट पाहा.